सातवा अर्थ बाकी

रफीकभाईंचा फोन आला तेव्हा मी वाघोलीला मुलाच्या घरी खिडकीत उभी राहून पाण्याच्या टँकरची वाट बघत होते. “सुनंदाताई, भाईजान गेले. पहाटे, झोपेतच,” ते म्हणाले, आणि मार्केट यार्डात उभा जन्म फळं विकलेल्या माणसाच्या व्यवहारी सुरात पुढं म्हणाले, “जुम्म्याच्या नमाजनंतर दफन आहे. घरी येऊन जाल ना?” मी हो म्हटलं. वाघोलीहून बिबवेवाडीला पोचायला मला अडीच तास लागले, आणि मी जिना चढत होते तेव्हा माणसं कब्रस्तानातून परतून दारात चपला काढत होती. खरं सांगायचं तर उशीर त्या दिवशी झालाच नव्हता, तो आदल्या दिवशी झाला होता. महिन्यातला पहिला गुरुवार हा माझा आणि बागवान सरांचा ठरलेला. त्या गुरुवारी टँकर आला नाही म्हणून मी फोनवर सांगितलं, “सर, आज नाही जमत. पुढच्या गुरुवारी नक्की येते.” ते म्हणाले, “या. मी कुठं जातोय…” हे आमचं शेवटचं बोलणं. त्याला आता दीड महिना झाला.

यासीन बागवान हे नाव आज फारसं कुणाला आठवणार नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलांच्या हातात निळ्या पुठ्ठ्याचा एक इंग्रजी-मराठी कोश असायचा. तो त्यांनी केला. बागवानांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात फळांच्या व्यापारात. धाकटे रफीकभाई गाळ्यावर बसले आणि थोरले यासीन इंग्रजीचे प्राध्यापक होऊन शब्दांच्या मागं लागले. सरांच्या मराठीत ळ आणि ण असे खणखणीत यायचे की समोरचा हमखास म्हणायचा, “अहो, तुमचं मराठी किती छान आहे!” त्यावर सर मान किंचित तिरकी करून म्हणायचे, “तुमचंही काही वाईट नाही.” समोरच्याला ते घरी पोचल्यावर लक्षात येत असावं.

कोशाचं कार्यालय म्हणजे नारायण पेठेत एका छापखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. एका शब्दाला एक कार्ड, आणि कार्डं ठेवायला कपाटं नव्हती; रफीकभाईंच्या गाळ्यावरच्या संत्र्यांच्या लाकडी पेट्या सुताराकडून कापून बेतून घेतलेल्या होत्या. प्रत्येक पेटीवर एकेक इंग्रजी अक्षर, आणि नाक जवळ नेलं तर संत्र्याच्या सालीचा वास. भिंतीवर सरांच्या अक्षरातली पाटी होती: ‘कार्डे बाहेर नेऊ नयेत. नेल्यास ती घेऊन परत यावे, अन्यथा येऊ नये.’ मी ती पाटी पहिल्या दिवशी वाचली आणि हसले. पुढं मला ती पाटी कधीच हसून वाचता आली नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत नापास होऊन घरी बसले होते. वडील, म्हणजे अण्णा, पोस्टात होते. पत्ते वाचून वाचून त्यांची नजर करडी झाली होती आणि बोलणं पोस्टकार्डाएवढं. निकाल लागल्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी थेट बोलणं बंद केलं. मी समोर बसलेली असताना आईला सांगायचे, “तिला म्हणावं, जेवून घे.” मीही कमी नव्हते. मीही आईलाच सांगायची, “त्यांना म्हणावं, भूक नाही.” आई बिचारी एका खोलीत दोन माणसांचं टपाल वाटत असे. अशा घरातून बाहेर पडायला मिळावं एवढ्यासाठी मी कोशात कार्ड लिहिणारी मुलगी हवी असल्याचं ऐकून गेले. सरांनी माझा अर्ज वाचला. “इंग्रजीत नापास आहात असं दिसतं.” मी म्हटलं, हो. “किती वेळा?” एकदाच, मी म्हटलं. “अनुभव कमी आहे,” ते म्हणाले, “पण चालेल.” माझे डोळे भरून आलेले बघून त्यांनी खिशातलं मोसंबं काढलं, सोलून अर्धं माझ्यापुढं ठेवलं आणि समजावलं, “अहो, ज्याला इंग्रजी येतं त्याला अर्थ कळल्यासारखा वाटतो आणि तो पुढं जातो. मला अडणारं माणूस पाहिजे.” आयुष्यात पहिल्यांदा माझं अडणं कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं.

काम असं चालायचं. मी कार्डावर शब्द, त्याचे अर्थ, प्रत्येक अर्थाचं एक वाक्य लिहायचं आणि संध्याकाळी पेटीत ठेवायचं. सर रोज घरी जाण्यापूर्वी पेटी चाळायचे. सकाळी मी आले की काही कार्डांवर हिरव्या शाईची बारीक खूण असायची, म्हणजे पास. काहींवर हिरव्या शाईत एखादा शब्द असायचा, म्हणजे परत. सकाळी आल्याआल्या पदर खोचायच्याही आधी पेटी उघडून बघायची, कोणतं कार्ड परत आलंय, ही माझी सवय तिथलीच. कार्ड दुरुस्तीसाठी बाहेर काढलं की त्या जागी एक गुलाबी चिठ्ठी घालायची, तिच्यावर शब्द लिहायचा आणि खाली ‘जागा राखीव’. म्हणजे इथं काहीतरी यायचंय हे विसरायचं नाही.

‘एफ’च्या पेटीला सुरुवात झाली तेव्हा सर म्हणाले, “‘फेल’ तुम्हीच करा. त्या शब्दावर तुमचा अधिकार आहे.” मला राग आला. मी कार्डावर फक्त ‘नापास होणे’ लिहिलं आणि पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी हिरव्या शाईत एकच शब्द: ‘फक्त?’ मी ‘अपयश येणे’ वाढवलं. पुन्हा ‘फक्त?’ तिसऱ्यांदा मी कार्ड घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले आणि जरा चढ्या आवाजात म्हटलं, “सर, नापास म्हणजे नापास. त्यात आणखी काय असतं?” त्यांनी खुर्ची दाखवली. “आधी हे बघा, ‘ना’ फारसी आणि ‘पास’ इंग्रजी. मराठी माणसाला नापास व्हायलासुद्धा दोन परक्या भाषांची मदत लागते. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडची नव्हे. आपल्याकडं पीक बुडतं, नजर अधू होते, धीर खचतो, बेत फसतो, यंत्र बंद पडतं. इंग्रज या सगळ्याला एकच क्रियापद लावतो. आपण प्रत्येकाला त्याचा त्याचा शब्द देतो. ते सगळे गोळा करा. तोवर त्या कार्डाला खूण नाही.”

मग त्यांनी त्या शब्दाचं मूळ सांगितलं. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांकडं तो लॅटिनमधून आला, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता फसवणे, चकवणे. “बघा गंमत. मुळात दोषी होता तो फसवणारा. शब्द इकडून तिकडं जाता जाता दोष फसलेल्याच्या माथी आला,” सर म्हणाले. मी उत्साहानं ते कार्डावर लिहायला घेतलं तर त्यांनी हात वर केला. “ते कार्डावर नको. पोरं वाचतील आणि त्यांना वाटेल, नापास होणारा लबाड असतो. त्यांना तसं सांगणारे घरोघरी आहेत.” ते माझ्याकडं न बघता बोलत होते, पण मला अण्णा आठवले.

पुढची पायरी म्हणजे गाळा. हे सरांचं खास तंत्र होतं आणि विद्वान मंडळी त्याला मागून हसायची. दर रविवारी सकाळी सर मार्केट यार्डात रफीकभाईंच्या गाळ्यावर कार्डं घेऊन जायचे. इंग्रजी शब्द सांगायचा नाही, फक्त मराठी अर्थ वाचायचे, आणि रफीकभाईंनी, हमालांनी, आलेल्या गिऱ्हाइकानं आपल्या आयुष्यातलं उदाहरण द्यायचं. उदाहरण चपखल बसलं तर अर्थ खरा. नाही तर आमचं मराठी पुस्तकी. त्या रविवारी मीही गेले. मी घाबरत अर्थ वाचत होते आणि समोरून उत्तरं येत होती. “पेटी वरनं फस्क्लास, खाली सगळी सडकी. सौदा फसला,” रफीकभाई म्हणाले. दगडू नावाचा हमाल पाठीवरचं पोतं न उतरवताच म्हणाला, “आवंदा पावसानं दगा दिला, ज्वारी बुडाली. तसंच हाय का ते?” तसंच आहे, सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एखाद्याला बक्षीस मिळाल्यासारखा झाला. असे सहा अर्थ पास झाले.

परतताना ते म्हणाले, “एक राहिला.” मी विचारलं, कुठला? “इंग्रजीत परीक्षेतच फेल होतात असं नाही. माणूस माणसालाही फेल होतो. परीक्षा नाही, काम नाही… एक माणूस, दुसऱ्या माणसाला. ह्याला काय म्हणाल? विश्वासघात? तो फार मोठा शब्द झाला, त्यात आधीपासून हेतू लागतो. दगा म्हणावं तर त्यात सुरी येते. हे त्यापेक्षा लहान आहे, आणि रोजचं आहे.” मी खूप विचार केला. एकोणीस वर्षांच्या पोरीला ते कुठून सुचायला? “राहू द्या,” सर म्हणाले, “सुचेल तेव्हा घालू.” आणि त्यांनी सहा अर्थांच्या कार्डावर हिरवी खूण केली. चौथ्या खेपेला माझं ‘फेल’ पास झालं होतं.

पुढच्या शनिवारी मी ते कार्ड पर्समध्ये घालून घरी नेलं. पाटी समोर असताना नेलं, आणि चिठ्ठी न घालता नेलं, कारण सोमवारी सकाळी सर यायच्या आत परत ठेवणारच होते. मला ते अण्णांना दाखवायचं होतं, एवढंच. मी ते त्यांच्यापुढं टेबलावर ठेवलं आणि आईला म्हटलं, “त्यांना म्हणावं, हे मी लिहिलंय. पुस्तकात छापून येणारे.” अण्णांनी चष्मा लावला, कार्ड वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, “अक्षर बरं आहे.” मी कार्ड रेडिओवर ठेवून झोपले. रविवारी सकाळी ते तिथं नव्हतं. आईला माहीत नव्हतं. मी रद्दी उपसली, गाद्या उलट्या केल्या, केराची बादली पाहिली. अण्णांना एक वाक्य विचारलं असतं तर काम झालं असतं. पण आम्ही बोलत नव्हतो! ते माझ्या तोंडून निघेना, आणि आईमार्फत विचारावं तर त्यांचं ‘सरकारी कागद हरवला काय’ हे ऐकावं लागणार. मी विचारलं नाही. सोमवारी कार्यालयात गेले तर ‘एफ’च्या पेटीत त्या जागी गुलाबी चिठ्ठी होती, सरांच्या अक्षरात: ‘फेल. जागा राखीव.’ मला वाटलं, त्यांना काहीतरी पुन्हा घालायचंय आणि कार्ड आपल्याच टेबलावर आहे असं ते समजतायत. मी गप्प बसले. घरी रोज शोधत होते.

तीन आठवड्यांनी ‘एफ’ची पेटी खाली छापखान्यात गेली. त्याच सुमारास सरांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. जाताना ते म्हणाले, “‘एफ’चं प्रूफ तुम्ही पाहा. पट्ट्या निघेपर्यंत माझे डोळे तुम्ही.” छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांनी रिवाजाप्रमाणं चिठ्ठी बाजूला ठेवून पुढचं कार्ड जुळवलं होतं. प्रूफ आलं. ‘फेड’, म्हणजे रंग उडणे, आणि त्याच्यानंतर दोनेक शब्दांनी थेट ‘फेंट’, मूर्च्छा येणे. मधला शब्द नाही. मला ते दिसलं. हे मी आज पहिल्यांदाच छापून येईल अशा रीतीनं लिहिते आहे: मला ते दिसलं होतं. हातात लाल पेन्सिल होती. समासात सहा अर्थ लिहायला मला पाच मिनिटं लागली असती, ते मला तोंडपाठ होते. पण हिरव्या खुणेवाचून नवीन मजकूर खाली घेत नसत, म्हणजे दवाखान्यात जाऊन सरांना सांगावं लागणार की कार्ड मी बाहेर नेलं आणि हरवलं. मग पाटीप्रमाणं मी परत यायचं नाही. घरी दुसऱ्यांदा नापास होऊन जायचं, अण्णांच्या समोर. मी पान उलटलं आणि खाली सही केली.

निळा कोश बाहेर पडला आणि पंधरा दिवसांत पत्रं सुरू झाली. पुण्यातच ती यायची! एकानं लिहिलं, ‘आपल्या कोशात रंग उडतो आणि माणूस मूर्च्छित पडतो, मधे काय घडले ते गुलदस्त्यात आहे.’ दुसऱ्यानं अभिनंदन केलं की कुणीही नापास न होणारा हा महाराष्ट्रातला पहिलाच ग्रंथ. कोश काढणाऱ्या मंडळाची बैठक बसली. टिपणं घ्यायला मला बोलावलं होतं. अध्यक्षांनी पुस्तक उघडून सरांपुढं सारलं. “बागवान, हा शब्द आपल्याला माहीत नव्हता काय?”

“माहीत होता,” सर म्हणाले. “आज जरा जास्त कळला.”

अध्यक्षांनी विचारलं, कार्ड कुणाकडं होतं? प्रूफ कुणी पाहिलं? मी मान खाली घालून लिहीत होते. वर पाहिलं असतं तर सगळं माझ्या तोंडावर वाचता आलं असतं. सर शांतपणे म्हणाले, “कार्ड मीच थांबवलं होतं. एक अर्थ मनासारखा होत नव्हता. प्रूफाची जबाबदारी संपादकाची असते. चूक माझी.” आणि मी, माझ्या त्या बऱ्या अक्षरात, वहीत लिहिलं: ‘चूक आपली असल्याचे संपादकांनी मान्य केले.’ शाई वाळेपर्यंत मी त्या ओळीकडं बघत बसले होते.

कोशात शुद्धिपत्र चिकटवलं गेलं. दुसऱ्या आवृत्तीचं काम दुसऱ्या गृहस्थांकडं गेलं, मुखपृष्ठावरचं सरांचं नाव आतल्या आभारांच्या यादीत, कागद पुरवणाऱ्यांच्या शेजारी गेलं. छापून झालेली कार्डं कुणालाच नको होती, ती सरांनी रफीकभाईंचा टेम्पो बोलावून बिबवेवाडीच्या घरी नेली. निघताना माझ्या टेबलावर त्यांनी अर्धं मोसंबं ठेवलं होतं. मी मात्र तिथंच राहिले, नव्या संपादकांच्या हाताखाली, चार वर्षं. मग लग्न झालं, शाळेत नोकरी लागली. एकदा लक्ष्मी रोडवर सर समोरून येताना दिसले तर मी शेजारच्या साडीच्या दुकानात शिरले आणि नको असलेल्या साड्या उलगडायला लावल्या. अकरा वर्षं अशी गेली.

मग अण्णा गेले. तेराव्यानंतर त्यांच्या वस्तू आवरताना चष्म्याचं घर उघडलं तर आत चष्म्याच्या खाली घडी घातलेलं ते कार्ड. घड्यांवर झिजलेलं, कोपरे काळे पडलेले. किती वेळा उघडून मिटलं असेल कोण जाणे. आई म्हणाली, “हे होय? हे तर रोज खिशात असायचं त्यांच्या. फिरायला येणाऱ्या सगळ्यांना दाखवून झालं होतं.” मी जमिनीवर बसून रडले. अण्णांसाठी रडले, आणि ज्या कागदानं माझा बाप सुखी झाला त्याच कागदानं दुसऱ्या एका माणसाचं नाव पुसलं गेलं होतं, त्यासाठीही रडले.

दुसऱ्याच दिवशी मी बिबवेवाडीला गेले. सरांनी दार उघडलं, मला ओळखलं, “या, सुनंदाबाई,” म्हणाले, जसं काही मी काल रजेवर होते. मी बसलेसुद्धा नाही. कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्यांनी भिंग आणलं, कार्ड खिडकीशी नेऊन सावकाश वाचलं आणि म्हणाले, “अक्षर बरं आहे.” मग खुर्चीत बसले. “मला ठाऊक होतं. तुमचे वडील त्या रविवारी, मी निघून गेल्यावर, गाळ्यावर आले होते. डझनभर मोसंबी घेतली आणि रफीकला कार्ड दाखवून म्हणाले, हे आमच्या मुलीनं लिहिलंय, आपल्या बंधूंना विचारा, बरोबर आहे का. रफीकनं मला संध्याकाळी सांगितलं. मी म्हटलं, असू दे त्यांच्या खिशात थोडे दिवस. छापायला तीन आठवडे होते. मी चिठ्ठी घातली.”

माझा संताप झाला, तोही त्यांच्यावरच. “मग मला बोलला का नाहीत? दुसरं कार्ड लिहिलं का नाहीत?”

“तुम्ही आणून द्याल असं वाटलं,” सर म्हणाले. “नाही मिळालं तर येऊन सांगाल. प्रूफात तरी घालाल… मी डोळ्यांना पट्ट्या बांधून पडलो होतो, जिन्यावर पावलं वाजली की वाटायचं, आल्या. मग बैठकीत वाटलं. मग पुढं वाटण्याची सवयच झाली.” ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी आता सगळ्यांना पत्र लिहिते, खरं काय ते सांगते. ते म्हणाले, “कुणाला? ते मंडळ उरलं नाही, तो छापखाना उरला नाही. हे घेऊन जा. वडिलांच्या चष्म्याच्या घरात होतं ना, तिथंच ठेवा.” दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, “तसंही अपुरंच आहे ते.” काय अपुरं आहे हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

त्यानंतर पहिला गुरुवार सुरू झाला आणि वीस-बावीस वर्षं चालला. त्यांनी तो विषय पुन्हा एकदाही काढला नाही. शेवटची काही वर्षं त्यांची नजर पार गेली होती. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायची, ते मोसंबं सोलायचे, बोटांनी चाचपून, एकही बी माझ्या वाट्याला येऊ न देता. मी सांगायची, सर, नातू शाळेच्या चाचणीत एका विषयात राहिला. ते म्हणायचे, “एकाच? अनुभव कमी आहे.” मी हसायची आणि मला वाटायचं, फिटलं सगळं. माणसाला लवकर असं वाटतं. टँकर आला नाही एवढ्या कारणावर मी शेवटचा गुरुवार चुकवला, तो त्या वाटण्याच्याच जिवावर.

सरांच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी पुन्हा गेले तेव्हा रफीकभाईंनी माळ्यावरून ‘एफ’ची पेटी काढून ठेवली होती. “भाईजान सांगून गेलेत, ही तुम्हाला द्यायची. बाकीच्या पेट्यांचं काही बोलले नाहीत,” ते म्हणाले. संत्र्याचा वास गेला होता. मी उभ्याउभ्याच बोटं चालवत गेले. ‘फेड’ आलं. मग ती गुलाबी चिठ्ठी आली, उन्हात विटल्यासारखी पांढुरकी झालेली. ‘फेल. जागा राखीव.’ सहज उलटली, तर मागं हिरवी शाई होती. अक्षरं मोठाली, एकमेकांवर चढलेली, ओळ वर वर गेलेली, नजर गेल्यानंतर अंदाजानं लिहिलेली: ‘सातवा अर्थ बाकी. सुनंदा लिहील.’

इतकी वर्षं ते दर पहिल्या गुरुवारी माझ्यासमोर बसून मोसंबं सोलत होते आणि वाट बघत होते. रागावले नव्हते, पण वाट बघत होते.

पुढच्या रविवारी मी मार्केट यार्डात गेले. रफीकभाई आता गाळ्यावर नुसते बसतात, मुलं काम बघतात. मी नवं कार्ड काढलं आणि शब्द न सांगता वाचलं: “ज्याला आपला भरवसा होता, त्याच्या वेळेला आपण गप्प राहणे.” रफीकभाईंनी समोरच्या ढिगातलं एक मोसंबं उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. मग ते म्हणाले, “त्या वक्ताला मंडळाच्या लोकांना जाऊन सांगायला पायजे होतं, की ते कार्ड कुणाच्या खिशात होतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. भाईजान म्हणाले, नको, पोरीची नोकरी जाईल. मी नाही गेलो.” त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसले. “बसतंय का हे उदाहरण?”

बसतंय, मी म्हटलं.

घरी आल्यावर मी अण्णांच्या चष्म्याच्या घरातलं जुनं कार्ड काढलं, त्याला नवं टाचलं आणि दोन्ही पेटीत त्यांच्या जागी ठेवली. चिठ्ठी मी काढून घेतली. तो अर्थ अजून पुरा नाही हे मला कळतं. फक्त गप्प राहण्यानंच ते होतं असं नाही, न जाण्यानंही होतं. सरांनी ते तसं सोडलं नसतं. पेटी आता वाघोलीला माझ्या पलंगाशेजारी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या, पदर खोचायच्याही आधी, मी पेटी उघडून कार्ड परत आलंय का ते पाहिलं.